मेड इन हुडकेश्वर

सकाळचे सहा. नागपूर. मे महिना. अशा वेळी शहाण्या माणसाने कूलरसमोर पाय पसरून झोपावं. कारण नऊनंतर हे शहर कोणालाच झोपू देत नाही आणि धड जागूही देत नाही. मी मात्र हुडकेश्वरच्या एका टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. अंगात फुल बाह्यांचा शर्ट, हातात रबरी ग्लोव्ह्ज, तोंडावर मास्क आणि मनगटापासून मानेपर्यंत चोपडलेली टाल्कम पावडर. समोर बाबांची १९७४ ची येझदी. सीट काढलेली. सीट काढलेली मोटरसायकल कशी दिसते माहितीये? कवळी काढून ठेवलेल्या आजोबांसारखी. ओळखीचीच, पण बघवत नाही!

आता हे सगळं कशासाठी, तर एका सीटसाठी. तीही बाजारात तयार मिळते ती नाही. फायबरग्लासची, हाताने घडवलेली, फक्त या एका गाडीला बसेल अशी.

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्येही एखादा महाभाग असेलच. वीकएंडला जुनी आरएक्स-१०० किंवा बुलेट घासत बसणारा, आणि सोमवारी लंच टाइमला कार्बोरेटरवर भाषण देणारा. मी त्या जमातीतली नव्हते हो. मला फक्त फोटो आवडायचे. लांबलचक टाकी, खाली वाकलेलं हँडल आणि मागे छोटासा उंचवटा असलेली एकाच माणसाची सीट. कॅफे रेसर! १९५०-६० च्या दशकात इंग्लंडमधली पोरं रेसच्या मोटरसायकलींची नक्कल करत आपल्या गाड्या अशा उतरवायची आणि लंडनच्या एस कॅफेसमोर लावायची. फायबरग्लास तेव्हा नवीन होतं, हलकं होतं आणि मोठ्या कारखान्याशिवाय गॅरेजमध्येही घडवता यायचं. अमेरिकेत १९५३ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटची अख्खी बॉडी त्याची आली. आपल्याकडे बंगलोरच्या सिपानीने ऐंशीच्या दशकात डॉल्फिन नावाची चिमुकली कार काढली, तीही फायबरचीच. एवढा अभ्यास मी केला होता. थोडक्यात, डोक्यात सगळा फंडा क्लिअर होता, हातात काहीच नव्हतं.

गेल्या दिवाळीत बाबांनी येझदीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चालव. पण वाट नको लावू." या दोन वाक्यांतलं मी पहिलंच ऐकलं.

*

पहिला प्रयोग आमच्या गच्चीवर झाला. व्हिडिओ बघून बघून मी एक्सपर्ट झालेच होते. थर्माकोलचा मोठा ठोकळा आणला, भाजी कापायच्या सुरीने त्याला सीटचा आकार दिला, छान घासला, फोटो काढला, मैत्रिणींना पाठवला. मग एक किलो रेझिन कालवलं आणि ब्रशने वर ओतलं. पाच मिनिटांत माझी सीट खाली बसायला लागली. दहा मिनिटांत तिथे खड्डा. थर्माकोल आतून विरघळत होता आणि वरून चिकट, उग्र वासाचं काहीतरी फरशीवर ओघळत होतं. आईने वरून कपडे काढून नेले आणि जाताना एवढंच विचारलं, "हे निघेल ना गं?"

नाही निघालं. आजही आहे.

नंतर कळलं, पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि स्टायरिन थर्माकोलला खातं. ज्यांना करायचंच आहे ते थर्माकोलवर आधी टेपचा आणि प्लॅस्टिकचा नीट थर देतात किंवा इपॉक्सी वापरतात. व्हिडिओत सांगितलंही असेल. मी ते दीडपट स्पीडने पाहिले होते.

गल्लीतल्या मेकॅनिकने माझं तोंड बघून पत्ता दिला. "म्हाळगीनगर चौकातून सरळ हुडकेश्वर. पाण्याच्या टाकीच्या पुढं जा, जिराफ दिसला की थांबा."

*

हुडकेश्वर हे टुरिस्ट मॅपवर सापडणारं ठिकाण नाही. सीताबर्डीहून निघालात तर मेडिकल चौक, तुकडोजी पुतळा, मानेवाडा चौक, मग रिंग रोडने डावीकडे उदयनगर आणि म्हाळगीनगर. तिथून दक्षिणेला जो रस्ता सुटतो तो हुडकेश्वरचा. नागपूरला मेट्रो आली २०१९ मध्ये, पण ती या बाजूला फिरकत नाही. त्यामुळे ऑटो, नाहीतर स्वतःची गाडी. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे गाव होतं, स्वतःची ग्रामपंचायत असलेलं. आता महापालिकेत आहे. पण गाव अजून पूर्ण गेलेलं नाही आणि शहर अजून पूर्ण आलेलं नाही. एका बाजूला तीन मजली फ्लॅट स्कीम, तिच्या भिंतीला टेकून गोठा, त्यापुढे मोकळा प्लॉट आणि प्लॉटवर मालकाच्या नावाची पाटी. हार्डवेअर, टाइल्स, ग्रिल, अ‍ॅल्युमिनियम खिडक्या, पीओपी, सगळ्याची दुकानं ओळीने. कारण सरळ आहे. जिथे घरं बांधली जातायत तिथे हात चालवणारी माणसं येऊन राहतात. शहराच्या मध्यात शेडला जागा नाही आणि रेझिनचा वास शेजारी खपवून घेत नाहीत.

पुण्यात मी ज्या भागात राहते तिथे गेल्या तीन वर्षांत मला एकही माणूस काही बनवताना दिसलेला नाही. सगळे काहीतरी 'मॅनेज' करतात. मीही त्यातलीच.

जिराफ दिसला. खरंच होता. आठ फुटी, पिवळा, कुठल्यातरी शाळेच्या बागेसाठी. त्याच्या बाजूला अर्धा डॉल्फिन, दोन कचराकुंड्या पेंग्विनच्या आकाराच्या आणि रंग न दिलेले एक महापुरुष, चेहरा भिंतीकडे करून. या सगळ्यात लुंगी-बनियनवर बसून चहा पिणारे गृहस्थ म्हणजे आपले काका. नाव छापू नका म्हणाले. "नाव आलं का मंग लोकं बुलेटच्या सीटा घेऊन येते. मले जिराफ पुरतात."

लहानपणी काका महालातल्या चितार ओळीत एका मूर्तिकाराकडे हाताखाली होते. नागपूरकरांना ही ओळ सांगायला नको. गणपती, दुर्गा, सगळ्या मूर्ती जिथे घडतात ती गल्ली. तिथे माती, मग प्लास्टरचे साचे आणि पुढे फायबर. "माती सगळं शिकवते," असं काहीतरी ते बोलतील म्हणून मी वही काढली. ते म्हणाले, "प्लास्टरनं हात फाटते. म्हून फायबरमंदी आलो. इथं खाज सुटते."

मी गच्चीची कहाणी सांगितली.

"थर्माकोल?" काका हसता हसता चहा सांडता सांडता वाचले. "पोरी, रेझिनमंदी थर्माकोल म्हंजे गरम चहात साखर! किती गेलं?"

"एक किलो."

"स्वस्तात शिकली."

मग मी फोनवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले.

"अन् मागं कोन बसन?"

"कोणी नाही. सिंगल सीटच हवीये."

"गाडी कोनाची?"

"बाबांची."

"त्यायले विचारलं?"

मी काहीतरी पुटपुटले. काकांनी फोन परत दिला. "सीट बनवून देतो. पन फ्रेमले ग्राइंडर लागनार नाही, आधीच सांगून ठेवतो."

*

इथे गाडीबद्दल थोडं सांगायला हवं.

मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या लायसन्सवर इथे गाड्या बनवायला सुरुवात केली ती १९६१ मध्ये. १९७३ पासून टाकीवर नाव आलं येझदी. इराणमधल्या यझ्द शहरावरून, कारण कंपनीचे मालक इराणी कुटुंब. टू-स्ट्रोक, २५० सीसी, दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच! आत दाबून उभा केला की किक, मारून झाली की पुन्हा गिअर. १९९६ मध्ये मैसूरचा कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी नाव नव्या कंपनीने परत आणलं, पण ती वेगळी गाडी. जुनीचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला विचारा.

बाबांनी ही सेकंडहँड घेतली १९८४ मध्ये. तेव्हा ते वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये उमरेडच्या खाणीवर होते. नागपूर ते उमरेड पंचेचाळीसेक किलोमीटर, रोज जाऊन-येऊन. तुम्हाला उमरेड म्हटलं की कऱ्हांडल्याची सफारी आणि २०१६ मध्ये गायब झालेला 'जय' वाघ आठवत असेल. आमच्या घरी उमरेड म्हणजे बाबांच्या कॉलरवरची काळी रेघ. लग्नानंतर मागच्या सीटवर आई आली, एका बाजूला पाय सोडून. मग टाकीवर दादा, मग टाकीवर मी आणि दादा मधे. चौघं! आज कोणी पाहिलं तर पोलिसात देईल.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किक बंद झाली. गाडी जिन्याखाली, चादर घालून.

तर त्या संध्याकाळी जेवताना मी सहज विषय काढला. सिंगल सीट, मागे असा छोटा उंचवटा, एकदम सॉलिड दिसेल. बाबांनी ऐकलं आणि टीव्हीचा चॅनल बदलला. बस. नंतर भांडी आवरताना आई हळूच म्हणाली, "त्यांना वाटतंय, तू त्यांना गाडीवरून उतरवतेयस."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ते आता चालवू शकत नाहीत. म्हणजे त्या गाडीवर त्यांची जागा उरली होती ती एकच. मागची. आणि मी नेमकी तीच कापायला निघाले होते.

रात्री लॅपटॉप घेऊन बसले तर कायदाही बाबांच्याच बाजूने निघाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते ठणकावून सांगितलं. आणि आमच्या आरसीवर सीट लिहिल्यात दोन. दुसरं, २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार नकोत. म्हणजे फोटोतल्यासारखी मागची फ्रेम कापून गोल केली की पन्नास वर्षं सांभाळलेली गाडी त्या रांगेतून कायमची बाहेर. (व्हीए नंबर घेतला तर रोजच्या वापरावर बंदी येते, म्हणून बाबांना तो तूर्त नकोय. पण दार उघडं ठेवायला काय जातं?)

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, मागे माणूस बसला पाहिजे. काकांनी जणू वाटच पाहिली होती. "मंग असं करू. सीट लांब, दोघांची. मागच्या भागावर फायबरचं टोपन. दोन बोल्ट काढले का टोपन बाहेर, खाली गादी तयार. लावलं का तुही रेस, काढलं का साहेबांची जागा."

सोपं होतं. मला सुचलं नव्हतं.

*

फायबर हा शब्द आपण कशालाही वापरतो. खुर्ची फायबरची, मडगार्ड फायबरचं, बादली फायबरची. त्यातलं निम्मं साधं प्लॅस्टिक असतं. खरं फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि ते भिजवून कडक करणारं रेझिन. कापड एकटं घेतलं तर चादरीसारखं लोंबतं. रेझिन एकटं घेतलं तर पापडासारखं तुटतं. दोन्ही एकत्र आले की त्यावर माणूस उभा राहतो.

काकांकडे कापड दोन प्रकारचं होतं, दोन्ही पांढरी मॅट, तुटक धाग्यांची. एक ३०० ग्रॅमची, एक ४५० ग्रॅमची. म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. ४५० ची एक घडी साधारण एक मिलिमीटर जाडी देते. मी कात्री उचलली तर काकांनी काढून घेतली. "फाड. हातानं." कापलेली कड वेगळी उठून दिसते आणि तिथेच चीर जाते. फाटलेल्या कडेचे धागे शेजारच्या तुकड्यात मिसळून जातात.

सीटचा तळ त्यांनी साच्यात केलाच नाही, थेट गाडीवर केला. फ्रेमला आधी मास्किंग टेप, वर पॉलिथिन ताणून चिकटवलेलं, टाकीला तर अख्खी गोधडीच गुंडाळली. टाकी आणि सीटच्या मध्ये पुठ्ठ्याची पट्टी ठेवली, कारण टू-स्ट्रोक गाडी थरथरते आणि फायबर टाकीला टेकलं की महिन्याभरात रंग खरवडून काढतं. मूळ सीट ज्या भोकांवर बसायची तीच भोकं वापरायची, एकही नवीन पाडायचं नाही. तिथे मॅटच्या दोन घड्यांमध्ये लोखंडी पट्टी दाबून ठेवली, म्हणजे बोल्ट आवळला तरी फायबर चिरडणार नाही.

आणि मग ते सहा वाजताचं प्रकरण.

रेझिनमध्ये दोन गोष्टी घालतात. एक कोबाल्ट, जांभळट, ते घातलं की रेझिन तयारीत राहतं. दुसरं हार्डनर, पाण्यासारखं दिसणारं, ते घातलं की घड्याळ सुरू. हार्डनरचं प्रमाण टक्का-दोन टक्के. पण या दोघांची थेट गाठ पडू द्यायची नाही. पेट घेतात, स्फोटही होतो. म्हणून काकांनी त्यांच्या बाटल्या शेडच्या समोरासमोरच्या भिंतींवर ठेवल्यात, मधे जिराफ. आधी एक रेझिनमध्ये नीट मिसळायचं, मगच दुसऱ्या भिंतीकडे जायचं. सगळी सेफ्टी ट्रेनिंग एवढीच, पण मी कुठल्याही ऑफिसच्या फायर ड्रिलमध्ये यापेक्षा जास्त शिकलेले नाही.

खेळ उष्णतेचा आहे. हिवाळ्यात एक मग कालवला की पंधरा-वीस मिनिटं आरामात मिळतात. तापमान दहा डिग्रीने चढलं की हाच वेळ साधारण निम्मा होतो. नागपूरच्या मेमध्ये, टिनाखाली, अकरा वाजता? विसरा. त्यामुळे उन्हाळ्यात काकांचं काम सहाला सुरू आणि साडेनऊला बंद. हार्डनर कमी, मग छोटा.

मी मोठा मग कालवला.

म्हटलं एकदाच करू, सारखं कशाला उठायचं! ब्रशचे चार फटके मारले असतील, मग कोमट लागला. मग गरम. मग त्यातून बारीक धूर. रेझिन कडक होताना स्वतःच तापतं आणि जितकं जास्त एका जागी तितकं लवकर. काकांनी माझ्या हातातून मग घेतला आणि बाहेर रेतीत ठेवला. दोन मिनिटांत तो दगड झाला, ब्रश आत उभा. आता तो शेडच्या दारात आहे, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून.

यानंतर मी पावभर रेझिनचेच मग कालवले. एक थर ब्रशने, त्यावर मॅट, मग ब्रशने ठोकायचं. घासायचं नाही, घासलं की धागे सरकतात. पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होत जाते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे. तो बुडबुडा लोखंडी रोलरने कडेपर्यंत ढकलत न्यायचा. राहिला तर उद्या तिथेच तडा. तीन घड्या सगळीकडे, बोल्टपाशी पाच. मधोमध काकांनी सुतळीसारखी पिळलेली कागदाची दोन लांब दोरखंडं ठेवली आणि त्यावरून मॅट घातली. कागदाला ताकद नाही, पण त्यावर चढलेल्या मॅटची कमान होते आणि कमान वाकत नाही. सपाट पत्रा वाकतो, पन्हळी पत्रा वाकत नाही, तसंच. कडाही याच कारणासाठी खाली वळवलेल्या.

टोपण मात्र साच्यावर. जाळी, त्यावर प्लास्टर, मग घासणं. ऐंशीचा पेपर, एकशेवीस, दोनशेवीस. मेणाचे हात सहा-सात, म्हणजे रेझिन चिकटणार नाही. या भागात चितार ओळ दिसली. मोजमाप फक्त मधल्या रेषेचं, बाकी सगळं काका डोळे मिटून तळव्याने तपासायचे. डावी बाजू, उजवी बाजू, पुन्हा डावी. "डोया फसवते," म्हणाले. माझ्या तळव्याला काही कळलं नाही. चौथ्या दिवशी कळलं, उजवीकडे एक पोक होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. मला कुठलं तरी सर्टिफिकेट मिळाल्याचा आनंद झाला.

रोज साडेनऊला हातपाय थंड पाण्याने धुवायचे. गरम पाणी नाही. पावडरही खाजेसाठीच. तरी खाजतंच. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहा. खाज आणि तर्री, डोळ्यातून पाणी कशाने येतंय ते कळत नाही.

*

पाचव्या दिवशी शेडपाशी ऑटो थांबला. बाबा.

मी बोलावलं नव्हतं. आईने पाठवलं की स्वतः आले, आजपर्यंत कळलेलं नाही. आधी जिराफाकडे पाहिलं, मग गाडीकडे. गाडीभोवती एक चक्कर मारली, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, फ्रेमवरून बोट फिरवलं. कापलेली नाही याची खात्री करत होते, हे माझ्या लक्षात आलं आणि मला कसंतरीच झालं.

"या साहेब," काकांनी स्टूल पुढे केलं. "तुमचं वजन किती?"

"ब्याऐंशी. का?"

काकांनी सीटचा सुटा तळ दोन विटांवर ठेवला, स्वतः त्यावर चढले आणि हाताखालच्या पोरालाही ओढून घेतलं. दोघं मिळून हलकेच उसळ्या मारल्या. तळ करकरलासुद्धा नाही. "आता बोला."

बाबा काही बोलले नाहीत. पण स्टूलवर बसले. थोड्या वेळाने मी टोपण घासत होते तेव्हा म्हणाले, "कोरडं काय घासतेस? पाणी लाव. वॉटर पेपर आहे तो." मग माझ्या हातातून पेपर घेतला. मग तासभर दिलाच नाही. काका आणि बाबा बोलत होते ते असं, की उमरेडला अमक्या साली पूर आला तेव्हा रस्ता कुठून वळवला होता, आणि ऑइल किती टाकायचं, आणि आजकालच्या पोरांना चोक कळत नाही. आजकालची पोर तिथेच उभी होती, पाण्याची बाटली धरून.

निघताना काकांनी बाबांना गाडीशेजारी उभं केलं आणि दुसरा पाय किती उंच जातो ते पाहिलं. त्या हिशोबाने गादी एक इंच कमी केली. सीटची उंची शेवटी फोमवर ठरते, खाली कडक रीबाँडेड, वर मऊ. एक इंच कडक थर काढला की ऑपरेशन झालेला पाय टाच न घासता पलीकडे जातो. माझ्या फोटोंमधल्या एकाही सीटला असं माप नव्हतं.

सक्करदऱ्याकडच्या एका सीट कव्हरवाल्याने काळं रेक्झिन शिवलं, बाजूने पांढरी पायपिंग. त्याला मी डायमंड शिलाई सांगितली होती, त्याने सरळ रेषा मारल्या. "टाक्यांतून पाणी जाते मॅडम, फोम सडते." या दोन आठवड्यांत मी जे जे सांगितलं ते ते कोणीतरी बदललं, आणि प्रत्येक वेळी बरोबर बदललं. संपादकांनाही मी इतकं करू देत नाही. खर्च? सगळं मिळून एका बऱ्या स्मार्टफोनच्या निम्म्याहून कमी. गच्चीची फरशी वेगळी.

टोपण लावून गाडीचा फोटो काढला तेव्हा खरं सांगते, फोटोतल्यांपेक्षा भारी दिसली. उतरता मागचा भाग, टाकीच्या रंगाचा, मधे एक बारीक क्रीम पट्टा. मैत्रिणींना पाठवला. पुरावा म्हणून.

मग दोन बोल्ट काढून टोपण घरी कपाटावर ठेवलं.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. दोघांना हेल्मेट. बाबांना मागे बसायला एक मिनिट लागलं, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. हुडकेश्वर अजून झोपेत होतं. शेडचं दार बंद, जिराफ गेलेला, त्याच्या जागी एक हत्ती, पोटापर्यंत झालेला. तिथून आउटर रिंग रोड, मग उमरेड रोड. रस्ता आता चौपदरी आहे, बाबा ज्या झाडांच्या खुणा सांगत होते ती झाडं नाहीत. तरी ते सांगत होते. प्रत्येक चढाला खांद्यावर दोन बोटं वाजायची. म्हणजे गिअर उतरव. मी आधीच उतरवलेला असायचा. तरी वाजायची.

उमरेडच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. मी चहा सांगितला. वळून पाहते तर बाबा गाडीपाशी, एक हात सीटखाली घातलेला.

"कशी आहे सीट?"

"कडक आहे," ते म्हणाले. "मागचा डावा बोल्ट ढिला झालाय. पाना आणलास?"

मी पॉवर बँक आणली होती, सनस्क्रीन आणलं होतं, ब्लूटूथ स्पीकरसुद्धा आणला होता.

बाबांनी पँटच्या खिशातून पाना काढला.